एकाच जागेवर ५९ वर्षं: जॉन डिंगेल तिथे नेमकं काय करत होते?

सुरंगी (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी.

मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात बारावीला लोकसभेचे मतदारसंघ शिकवताना आपल्या राजापूरचंच उदाहरण घेतलं. १९५७, १९६२, १९६७ असे तीन वेळा बॅ. नाथ पै, मग १९७१ पासून पाच वेळा प्रा. मधु दंडवते, आणि २००८ च्या पुनर्रचनेत राजापूर हे नावच गेलं. माझे वडील सांगायचे ते सांगितलं, की नाथ पैंची सभा म्हटली की वाड्यावाड्यांतून माणसं कंदील घेऊन चालत यायची आणि परतीच्या वाटेवरही भाषणाबद्दलच बोलत असायची. दंडवत्यांनी रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम बसवला, याचं मुलांना फार नवल वाटलं. त्यांनी ते लाकडी बाक पाहिलेलेच नाहीत.

मागच्या बाकावर एक मुलगा बसतो, घरची होडी आहे. त्यानं विचारलं, "बाई, सगळ्यात जास्त वर्षं कोण होतं?" इंद्रजित गुप्त अकरा वेळा, महाराष्ट्रात नंदुरबारचे माणिकराव गावित नऊ वेळा, एवढं मला पाठ होतं. घरी येऊन बाहेरच्या देशांतलं शोधलं तेव्हा जॉन डिंगेल हे नाव सापडलं. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात मिशिगन राज्यातून १३ डिसेंबर १९५५ ते ३ जानेवारी २०१५. तिथल्या काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, इतिहासात एवढी वर्षं दुसरं कुणी बसलेलं नाही. मुदत दोनच वर्षांची, म्हणजे पोटनिवडणूक धरून ३० वेळा निवडून आले.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, तर तोच मुलगा म्हणाला, "पण बाई, एवढी वर्षं तो माणूस तिथे करत काय होता?"

माझ्याकडे कायद्यांची यादी होती, ती वाचून दाखवली. त्याचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. इथे कुणी तिकडे राहून आलेलं असेल, कुणी हा विषय वाचलेला असेल, तर कृपा करून लिहा. यादी नको. त्या माणसाचं काम काय होतं, ते हवंय.


आचरेकर

बाई, मी आचऱ्याचा. १९८६ ते २०१५ मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला होतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघायचो. डिंगेल आमचेच प्रतिनिधी. १९९६ मध्ये मला नागरिकत्व मिळालं, आणि त्या नोव्हेंबरपासून २०१२ पर्यंत माझ्या मतपत्रिकेवर नऊ वेळा त्यांचं नाव आलं. मी त्यांना मानतो. एकदा त्यांच्याविरुद्ध मतही दिलंय. दोन्ही सांगतो.

तुमच्या विद्यार्थ्याला आधी ही गोष्ट सांगा. ८ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचा दुसरा दिवस. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट युद्ध पुकारण्याची परवानगी मागायला सभागृहात आले. सभागृहात निरोप पोचवायला, कागद ने-आण करायला शाळकरी मुलं ठेवलेली असत, त्यांना 'पेज' म्हणत. पंधरा वर्षांचा डिंगेल त्यांतला एक. एका रेडिओ निवेदकाच्या ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि अध्यक्षांचं भाषण संपलं की यंत्र बंद करायचं असं ठरलेलं. त्यानं ते बंद केलं नाही. म्हणून पुढची चर्चा आज ऐकायला मिळते. जेनेट रँकिन नावाच्या एकट्या बाई विरोधात बोलायला उठत होत्या आणि त्यांना बोलू दिलं जात नव्हतं, तेही त्यात आहे. ठराव ३८८ विरुद्ध १ नं झाला. मी ते मुद्रण ऐकलंय. खुर्च्यांचा आवाज, "बसा, बसा" असा गलका. ज्या सभागृहात हा मुलगा कागद पोचवत होता, तिथेच तो पुढे ५९ वर्षं बसला.

आता वडिलांची गोष्ट, कारण त्यांच्याशिवाय या माणसाचं काम कळत नाही. वडील, तेही जॉन डिंगेल, पोलिश घराण्यातले. त्यांना क्षय झाला होता. आपल्याकडे क्षयाची माणसं हवापालटाला मिरजेला नेत, तसे ते कोलोराडोच्या डोंगरात गेले, आणि हा मुलगा १९२६ मध्ये तिथेच जन्मला. १९३२ च्या निवडणुकीत वडील डेट्रॉइटमधून निवडून आले, १९३३ पासून सभागृहात बसले. १९४३ मध्ये दोन सिनेटरांबरोबर त्यांनी एक विधेयक मांडलं: देशातल्या प्रत्येकाला सरकारी आरोग्यविमा. ते पडलं. पुन्हा मांडलं, पुन्हा पडलं. सप्टेंबर १९५५ मध्ये वडील गेले आणि पोटनिवडणुकीत मुलगा आला, वय २९. तोवर तो सैन्यात जाऊन आला होता, रसायनशास्त्राची आणि मग कायद्याची पदवी घेतली होती, राष्ट्रीय उद्यानात रेंजर होता, सरकारी वकील होता.

दर दोन वर्षांनी तिथे नवं सभागृह भरतं आणि जुनी विधेयकं रद्द होतात. प्रत्येक नव्या सभागृहाच्या सुरुवातीला डिंगेल वडिलांचं ते विधेयक पुन्हा दाखल करायचे. अर्धशतकभर हेच चाललं. आमच्या कारखान्यातला एक पोलिश फोरमन, त्याच्या मुलाला जन्मापासून हृदयाचा विकार होता, म्हणायचा, "मंजूर होत नाही हे मलाही कळतं. पण ते तिथे आहे." विम्याचं कार्ड तो पाकिटात मुलाच्या फोटोमागे ठेवायचा. नोकरी सुटली तर ते कार्ड जाणार, ही भीती त्या शहरात प्रत्येक घरात होती. कारखाना दोन पाळ्यांवरून एकावर आला त्या वर्षी मी स्वतः रात्री जागून हिशेब मांडलाय. बायकोच्या साखरेच्या गोळ्या, मुलाचा चष्मा, दात. भारतात वाढलेल्या माणसाला ही भीती नवीन होती.

१९६५ मध्ये पासष्टी ओलांडलेल्यांसाठी मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, आला. प्रतिनिधीगृहात ते मंजूर झालं तेव्हा सभापतींच्या खुर्चीवर डिंगेल होते. त्या दिवशीचा लाकडी हातोडा त्यांनी जपून ठेवला. मार्च २०१० मध्ये ओबामांचा आरोग्य कायदा मतदानाला आला तेव्हा तोच हातोडा त्यांनी सभापती नॅन्सी पेलोसींना दिला. त्या तो हातात घेऊन सभागृहाकडे चालत गेल्या, ते मी घरी टीव्हीवर बघत होतो. आदल्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या रोम्युलस गावात डिंगेलांची सभा होती, त्यात लोक त्यांच्या तोंडावर ओरडत होते. ८३ वर्षांचा माणूस उभा राहून उत्तरं देत होता.

दुसरं काम समितीचं, आणि तिथलं खरं राज्य तेच. ऊर्जा आणि वाणिज्य समितीचे ते १९८१ ते १९९५ आणि पुन्हा २००७ ते २००९ अध्यक्ष. समितीच्या कक्षेत काय काय येतं असं कुणी विचारलं की ते भिंतीवरच्या पृथ्वीच्या फोटोकडे बोट दाखवायचे, अशी गोष्ट सांगतात. सरकारी खात्यांना ते पत्रं पाठवायचे, लांबलचक, प्रश्नांनी भरलेली, अमुक तारखेपर्यंत अमुक कागद द्या म्हणून. त्या पत्रांना नावच पडलं होतं, 'डिंगेलग्राम'. एका संरक्षण कंपनीनं आपल्या अधिकाऱ्याच्या कुत्र्याला सांभाळण्याचा खर्च सरकारच्या बिलात घातला होता, तो या समितीनं शोधून काढला. जेनेरिक औषधांना मंजुरी देताना अधिकारी लाच घेत होते, ते यांनी बाहेर काढलं, माणसं तुरुंगात गेली. असली चौकशी दोन वर्षांत शिकता येत नाही. कुठल्या खात्यात कुठला कागद कुठल्या कपाटात असतो, हे कळायला माणूस तिथे मुरावा लागतो. त्यांचंच एक प्रसिद्ध बोलणं आहे, त्याचा मथितार्थ असा: कायद्याचा मजकूर तुम्ही लिहा, कामकाजाची पद्धत मला ठरवू द्या, दर वेळी मीच जिंकेन.

आता विरोधी मताचं. एप्रिल १९९९ मध्ये कोलोराडोत कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, बारा मुलं आणि एक शिक्षक गेले. माझा मुलगा तेव्हा हायस्कूलला. त्या जूनमध्ये बंदुकांच्या जत्रांत विकत घेणाऱ्याची तपासणी कडक करायचं चाललं होतं, आणि डिंगेलांनी दुरुस्ती आणून ती तपासणी २४ तासांत उरकायची असं करून घेतलं. ते जुने शिकारी, बंदूकवाल्यांच्या संघटनेच्या मंडळावरही होते. १९९४ मध्ये गुन्हेविषयक कायद्याला मत द्यायचं म्हणून त्यांनी ते पद सोडलं होतं, त्यामुळे मला त्यांच्याकडून वेगळी आशा होती. २००२ मध्ये मतदारसंघ नव्यानं आखले गेले आणि पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्यासमोर लिन रिव्हर्स आल्या, त्याही विद्यमान प्रतिनिधी. मी रिव्हर्सबाईंना मत दिलं. डिंगेल जिंकले. नोव्हेंबरात मी मतपत्रिकेवर पुन्हा त्यांच्याच नावापुढचा गोळा काळा केला, कारण पाकिटातलं ते कार्ड.


दर्यावरचो (मालवण)

बाई, तुमच्या झिलाच्या प्रश्नाक माझ्याकडे येगळाच उत्तर आसा. पुढचा सगळ्यांका कळूचा म्हणान साध्या मराठीत लिवतंय.

या माणसाचा कायदा माझ्या जाळ्यापर्यंत आलाय, बाई. १९७३ चा अमेरिकेचा संकटग्रस्त प्रजातींचा कायदा डिंगेल यांनी प्रतिनिधीगृहात मांडला. अंतिम मसुद्याला ३५५ विरुद्ध ४ मतं पडली आणि २८ डिसेंबरला निक्सननी सही केली. त्याच्या आदल्या वर्षी डॉल्फिन-देवमाशांच्या संरक्षणाचा कायदा आला, त्यातही हेच पुढे होते. त्या वेळी ते मासेमारी आणि वन्यजीवांच्या उपसमितीचे प्रमुख होते.

संकटग्रस्त यादीत समुद्री कासवं आली. मग १९८७ मध्ये तिकडच्या कोळंबीच्या ट्रॉलरना जाळ्यात 'टेड' बसवायची सक्ती झाली. टेड म्हणजे जाळ्याच्या गळ्याशी तिरकी बसवलेली सळ्यांची चौकट. कोळंबी सळ्यांमधून मागे खोळ्यात जाते, कासव चौकटीला आपटून वरच्या झापडीतून बाहेर पडतं. १९८९ मध्ये अमेरिकेनं आणखी एक कायदा केला: ज्या देशाच्या ट्रॉलरना टेड नाही, त्याची समुद्रातली कोळंबी आम्ही घेणार नाही. भारत, पाकिस्तान, मलेशिया, थायलंड असे चार देश मिळून जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ मध्ये निकाल लागला की कासव वाचवायचा हेतू योग्य आहे, पण तुम्ही देशादेशांत भेदभाव केलात. नियम राहिलाच. २०१९ पासून भारताची समुद्रातली कोळंबी अमेरिकेत जात नाही. तळ्यात वाढवलेली व्हेनामी जातीची कोळंबी जाते.

त्या हंगामात कंपनीच्या एजंटानं आमच्या मोठ्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, भाव पाडला आणि कारण विचारलं तर "अमेरिका बंद" एवढंच म्हणाला. मी तेव्हा फार चिडलो होतो. कुठल्या लांबच्या माणसानं कासवासाठी माझ्या घासावर हात टाकला, असंच वाटलं.

पण एक सांगतो. त्याच वर्षी जानेवारीत पहाटे जाळं ओढलं तेव्हा खोळ्यात कासवीण होती. ऑलिव्ह रिडले, पोटात अंडी. दोन तास पाण्याखाली ओढलेली, म्हणजे श्वास घ्यायला वर येता आलं नव्हतं. तांडेलानं डोकं खाली आणि मागचा भाग वर असं फळीवर तिरकं ठेवलं, पाणी ओतत राहिला. डोळ्यांतून चिकट पाणी गळत होतं. उन्हं वर आली तेव्हा तिनं एक पाय हलवला. सोडली पाण्यात. तुमच्याच वायंगणीच्या किनाऱ्यावर दर वर्षी घरटी राखतात, वर वेळासला राखतात, तिथे ती पोचली की नाही कोण जाणे. टेड बसवलं तर थोडी कोळंबी निसटते, हे खरं आहे. बसवलं असतं तर ती दोन तास आत राहिली नसती, हेही खरं आहे.

तुमच्या मुलाला सांगा, त्याच्या बापाला विचार टेड म्हणजे काय. त्याला माहीत असणार.


वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

आचरेकरकाकांनी मनापासून लिहिलंय, पण दुसरी बाजू मुलांपुढे यायला हवी. मी वकिली करतो, तेवढ्यापुरतं मांडतो.

१९३३ पासून वडील, १९५५ पासून मुलगा, आणि २०१५ पासून त्यांच्या पत्नी डेबी डिंगेल. मतदारसंघाच्या सीमा किती वेळा बदलल्या, आडनाव नव्वद वर्षांहून अधिक काळ तेच. आपण घराणेशाहीवर बोलतो तेव्हा हे उदाहरण बाजूला ठेवता येणार नाही.

आणि ज्या माणसानं कासवांचा कायदा आणला, त्यानंच मोटारींच्या इंधनाचे आणि धुराचे कडक नियम वर्षानुवर्षं अडवून धरले, कारण मतदारसंघ डेट्रॉइटच्या कारखान्यांचा. हवेच्या प्रदूषणावर त्यांच्याच पक्षाच्या हेन्री वॅक्समन यांच्याशी त्यांची जवळजवळ दहा वर्षं झुंज चालली, तेव्हा कुठे १९९० चा कायदा झाला. २००८ मध्ये वॅक्समननीच त्यांना समितीच्या अध्यक्षपदावरून हटवलं, १३७ विरुद्ध १२२ मतांनी, स्वपक्षीयांच्या मतदानात. नुसत्या ज्येष्ठतेवर खुर्ची राहत नाही, हे मला त्यातलं सर्वांत चांगलं वाटतं.

चौकशांचंही तसंच. एका प्रयोगशाळेतल्या शोधनिबंधावरून त्यांच्या समितीनं थेरेझा इमानिशी-कारी या शास्त्रज्ञ बाईंच्या मागे चौकशी लावली आणि नोबेल मिळालेले डेव्हिड बाल्टिमोर त्यांची बाजू घेऊन उभे राहिले म्हणून तेही होरपळले. १९९६ मध्ये अपिलात बाई निर्दोष ठरल्या. मधली वर्षं कुणी परत देत नाही.

मात्र एक गोष्ट डिंगेल यांच्या बाजूनं सांगतो, कारण ती आपल्याला लागते. १९६४ मध्ये मतदारसंघ फेरआखणीत त्यांची गाठ स्वपक्षाच्याच जॉन लेसिन्स्की यांच्याशी पडली. डिंगेलनी नागरी हक्क कायद्याला पाठिंबा दिला होता, लेसिन्स्कींनी विरोधात मत दिलं होतं. गोऱ्या कामगारांच्या वस्त्यांत त्या मताची किंमत मोजावी लागेल हे माहीत असून डिंगेल त्याच मतावर लढले आणि जिंकले. तिथे खासदाराचं मत त्याचं स्वतःचं असतं. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप मोडला तर सदस्यत्व जातं. खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं, विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर व्हायला तर १९७० नंतर मुहूर्तच मिळालेला नाही.

म्हणून बाई, मुलांना नाथ पैंचं विधेयक जरूर सांगा. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, १९६७ मध्ये, संसदेला घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करता यावा म्हणून त्यांनी ते मांडलं. तेही खासगी विधेयक. संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर मोठी चर्चा झाली, मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात चोविसावी घटनादुरुस्ती झाली, तिचा गाभा तोच. ते बरं झालं का, यावर माझं मत नाथ पैंपेक्षा वेगळं आहे. पण आपल्या वेंगुर्ल्याच्या माणसाचं विधेयक होतं, हे तिथल्या मुलांना ठाऊक असावं.


आचरेकर

वकीलसाहेब, इमानिशी-कारींचं मान्य. मी लिहायला हवं होतं.

घराणेशाहीबद्दल फक्त एवढंच: दर दोन वर्षांनी मी स्वतः रांगेत उभा राहिलोय. आमच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण आडनाव ओळखीचं होतं म्हणून किती जणांनी गोळा काळा केला, ते मी सांगू शकत नाही.

आणि बाई, एक राहिलं. ७ फेब्रुवारी २०१९ ला डिंगेल गेले, ९२ व्या वर्षी, डिअरबॉर्नलाच. मी तेव्हा इथे आलो होतो. त्या दिवशी त्यांनी पत्नीला शेवटचं टिपण सांगून लिहून घेतलं आणि ते वृत्तपत्रात आलं. त्यात एका इंग्रजी शब्दाबद्दल लिहिलंय. लोक म्हणतात अमक्याकडे सत्ता 'आहे'. त्यांचं म्हणणं, निवडून आलेल्याकडे सत्ता नसते, लोकांनी ती त्याच्याकडे ठेवायला दिलेली असते. मला आमच्या देवस्थानाचे दागिने आठवले. एरवी मानकऱ्याच्या घरी पेटीत असतात, डाळपस्वारीला, म्हणजे देव गावात फिरायला निघतो तेव्हा, मोजून बाहेर काढतात आणि मोजून परत ठेवतात.


सुरंगी (वेंगुर्ला)

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. तिन्ही उत्तरं छापून घेतली आणि आज वर्गात नेली. १९४१ ची गोष्ट चालू असताना वर्ग इतका शांत होता की बाहेरच्या सुरूच्या झाडांचा आवाज येत होता. "तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होता," असं एक मुलगी म्हणाली.

ज्याचा प्रश्न होता तो कासवाच्या उताऱ्यापाशी थांबला आणि पुन्हा वाचत बसला. टेड त्याच्या घरी आहे, माडीवर. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी नमुना म्हणून दिलं, बाबांनी एकदा लावलं आणि काढून ठेवलं. तो उद्या ते सायकलला बांधून वर्गात आणणार आहे.

आचरेकरकाका, शनिवारी साडेदहाला माझा जोड तास आहे. तुम्हाला आचऱ्याहून एसटीनं यायला जमेल का? मतपत्रिकेवर गोळा कसा काळा करायचा ते मुलांना बघायचंय. आणि दर्यावरचे दादा, ती चौकट जाळ्यात कुठे आणि किती तिरकी बसते हे मला सांगता येणार नाही. तुम्ही पण आलात तर फार बरं होईल. शनिवारी होड्या बंद असतात का ते कळवा, नाहीतर आपण वार बदलू.